ब्रिटनमधील उद्यमक्षेत्रे: करसवलत, जमीन आणि स्थानिक रोजगार

स्थानिक शासन, नगरनियोजन आणि जमीन या विषयांसंबंधी ब्रिटिश पार्लमेंटने १९८० साली एक विस्तृत कायदा संमत केला. त्या कायद्याच्या अनेक कलमांआड ‘एंटरप्राइझ झोन’ या नावाची एक नवी योजना होती. मराठीत तिला ‘उद्यमक्षेत्र’ म्हणता येईल, आणि पुढील विवेचनात हीच संज्ञा वापरली आहे. योजना समजावयास सोपी होती. बेकारीने ग्रासलेल्या एखाद्या शहरात काही शे एकर ओसाड वा अर्धओसाड जमीन निवडून तिच्याभोवती नकाशावर रेषा ओढावयाची. त्या रेषेच्या आत कारखाना, गोदाम, कचेरी किंवा दुकान चालविणाऱ्यास दहा वर्षे इमारतीवरील स्थानिक कर माफ करावयाचा. इमारत बांधण्यास जो खर्च येईल तो सबंध रकमेने पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करू द्यावयाचा. जमिनीच्या विकासावरील कर लावावयाचा नाही, आणि बांधकामाची परवानगी प्रत्येकाने वेगळी न मागता क्षेत्राच्या मूळ आराखड्यातच ती मिळाली असे समजावयाचे. रेषेच्या बाहेर यांपैकी काहीही नाही.

१९८१ ते १९९६ या काळात अशी एकूण ३८ क्षेत्रे घोषित झाली. शासनाने आपल्या एखाद्या धोरणाची परिणामकारकता प्रारंभापासून मोजवून घ्यावी, आणि तीही पुन्हा पुन्हा, हा योग इतिहासात क्वचित येतो. उद्यमक्षेत्रांच्या बाबतीत तो आला. त्यामुळे ‘करसवलत दिली असता उद्योग येतात’ हे जे विधान आपल्याकडे सिद्धांतासारखे उच्चारले जाते, त्याची परीक्षा करण्यास हा प्रयोग फार उपयुक्त आहे. उद्योग आले काय, एवढाच प्रश्न येथे विचारून भागत नाही. आलेला उद्योग कोठून आला, त्यातील काम कोणास मिळाले, आणि सोडलेला कर शेवटी कोणाच्या हाती पडला, हे तीन प्रश्न त्याला जोडूनच विचारावे लागतात.

या कल्पनेचा उगम ज्या विचारवंताकडे जातो तो उजव्या पक्षाचा नव्हता, ही या इतिहासातील पहिली मौज होय. रेडिंग विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक पीटर हॉल हे समाजवादी परंपरेतले. फेबियन सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. जून १९७७ मध्ये नगरनियोजनकारांच्या वार्षिक परिषदेपुढे बोलताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, जुन्या औद्योगिक शहरांच्या अंतर्भागातील ऱ्हास नियोजनाच्या रूढ साधनांनी थांबेल असे दिसत नाही. तेव्हा अखेरचा उपाय म्हणून अगदी लहान अशा निवडक भागांत सर्व निर्बंध उठवून पाहावेत. १९५०–६० च्या काळातील हाँगकाँग जणू लिव्हरपूल वा ग्लासगोच्या पोटात वसवावे. त्यांच्या मूळ कल्पनेतील हे क्षेत्र जकातीच्या व परदेशी लोकांच्या प्रवेशावरील निर्बंधांच्या बाहेर राहणार होते, आणि तेथे राहणाऱ्यांना नेहमीच्या समाजकल्याण योजनांचा लाभही मिळणार नव्हता. हा तोडगा टोकाचा आहे हे हॉल जाणून होते. नियोजनाच्या अतिरेकाविषयी त्यांची अस्वस्थता मात्र जुनी होती. १९६९ साली तीन सहकाऱ्यांसह ‘न्यू सोसायटी’ या साप्ताहिकात त्यांनी नियोजनच नको असा खळबळजनक प्रस्ताव मांडला होता.

२६ जून १९७८ रोजी, लंडनच्या पूर्वेस थेम्सच्या वळणात असलेल्या आइल ऑफ डॉग्ज या गोदी-भागातील एका मद्यगृहात, विरोधी हुजूर पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते सर जेफ्री हाऊ यांचे भाषण झाले. त्यात त्यांनी ही कल्पना उचलली. पुढच्याच वर्षी हाऊ अर्थमंत्री झाले आणि मार्च १९८० च्या अंदाजपत्रकात त्यांनी उद्यमक्षेत्रांची घोषणा केली. हॉलच्या योजनेतून परदेशीयांचा मुक्त प्रवेश गेला, जकातमुक्ती गेली, कल्याणयोजनांतून बाहेर पडणेही गेले. करसवलत तेवढी उरली. हॉलनीही पुढे आपले मूळ चित्र व प्रत्यक्षातील क्षेत्रे यांचा फारसा संबंध उरला नसल्याचे नमूद केले.

हाँगकाँगच्या दृष्टांताविषयी येथे थोडे थांबणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व घटनांचे बीज त्याच्या अपुऱ्या वाचनात आहे. हाँगकाँगमध्ये कर अल्प होते व व्यापारावर बंधने थोडी होती, हे खरे. परंतु एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची जागा वगळता तेथील सारी जमीन सरकारच्या मालकीची होती. ती ठराविक मुदतीच्या पट्ट्याने दिली जाई आणि जमिनीपासूनचे उत्पन्न सरकारी तिजोरीचा मोठा आधार होते. डिसेंबर १९५३ मध्ये शेक किप मेइ येथील झोपडवस्तीस आग लागून सुमारे ५३,००० माणसे बेघर झाली. त्यानंतर सरकारने स्वतः घरे बांधावयास आरंभ केला, आणि कालांतराने लोकसंख्येचा फार मोठा भाग सरकारी घरांतून राहू लागला. कामगाराच्या घरभाड्याचा भार अशा रीतीने शासनाने उचलल्यामुळेच तेथे कमी वेतनावर कारखाने चालू शकले. ज्या प्रदेशास ‘मुक्त’ उद्योगाचा आदर्श मानण्यात आले, तेथे जमीनदार प्रत्यक्ष सरकारच होते. ब्रिटनमध्ये आदर्शाची नक्कल झाली ती कराच्या बाबतीत. जमिनीच्या प्रश्नास कोणी हात लावला नाही.

पहिल्या फेरीत अकरा क्षेत्रे १९८१–८२ मध्ये सुरू झाली. त्यांची यादी म्हणजे ब्रिटिश उद्योगाच्या पडझडीचा नकाशाच होय. क्लाइडबँक येथे सिंगर कंपनीचा शिवणयंत्रांचा प्रचंड कारखाना १९८० साली बंद पडला होता. त्या नावाची यंत्रे आपल्याकडील शिंप्यांच्या दुकानांतून कोणी पाहिली नसतील? कॉर्बी येथे पोलाद वितळविणे थांबले होते. आइल ऑफ डॉग्जमधील वेस्ट इंडिया व मिलवॉल या गोद्या १९८० साली बंद झाल्या होत्या. स्वान्झी, डडली, गेट्सहेड, लिव्हरपूलजवळील स्पीक, हार्टलपूल, बेलफास्ट या ठिकाणांची कथाही याहून निराळी नव्हती.

सर्वांत प्रथम, जून १९८१ मध्ये, वेल्समधील स्वान्झीच्या दक्षिण खोऱ्याचे क्षेत्र सुरू झाले. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तांबे गाळण्याचे हे जगातील एक प्रमुख केंद्र. गाळकाम थांबल्यावर मळीचे डोंगर आणि विषारी जमीन तेवढी मागे राहिली, आणि तीवर गवतही उगवेना. १९६१ साली तेथील विद्यापीठ महाविद्यालयाने या खोऱ्याच्या पुनरुद्धाराचा अभ्यास हाती घेतला. भूगर्भ, वनस्पती, नदीचे पाणी, जमिनीची मालकी, वाहतूक अशा अंगांनी झालेल्या त्या संशोधनाचा वृत्तांत १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या विभागांनी आपल्या दाराशी असलेल्या प्रश्नाचा असा पाठपुरावा करावा, हे आपणां सर्वांस विचार करावयास लावणारे आहे. पुढे नगरपरिषदेने जमीन विकत घेतली, मळीचे ढीग सपाट केले, झाडे लावली. म्हणजे उद्यमक्षेत्राची रेषा ओढली गेली तेव्हा तिच्या आतील पुष्कळशी जमीन वीस वर्षांच्या सार्वजनिक परिश्रमाने तयार झालेली होती. करमाफीच्या खात्यावर जे यश पुढे जमा झाले, त्यात या वीस वर्षांचा वाटा किती हे हिशेबात वेगळे काढणे सोपे नाही. परंतु तो वगळून केलेला हिशेब अपुराच म्हटला पाहिजे.

कॉर्बीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील या लहानशा गावी १९३० नंतर पोलादाचा कारखाना उभा राहिला. स्कॉटलंडमधून कामगारांची कुटुंबेच्या कुटुंबे येथे येऊन वसली आणि १९५० मध्ये गावास ‘नवनगरा’चा दर्जा मिळाला. सारे गाव एका कारखान्यावर जगत होते. १९८० मध्ये तेथील लोखंड-पोलादाचे उत्पादन थांबले. लवकरच बेकारीचे प्रमाण तीस टक्क्यांच्या पलीकडे गेले. जून १९८१ मध्ये कॉर्बी हे इंग्लंडमधील पहिले उद्यमक्षेत्र झाले, आणि काही वर्षांतच तेथे खाद्यपदार्थ, प्लॅस्टिक, वितरणाची गोदामे असे नाना उद्योग आले. योजनेच्या समर्थकांनी सर्वाधिक वेळा पुढे केले ते हेच नाव. परंतु कॉर्बीला करमाफीबरोबरच विकासप्रदेशाचा दर्जा आणि त्यामुळे मिळणारी सरकारी अनुदाने होती. युरोपीय कोळसा व पोलाद समूहाची स्वस्त कर्जे होती, आणि नवनगराच्या विकास महामंडळाने जमवून ठेवलेली, रस्ते व पाण्याची सोय असलेली जमीन होती. लंडन आणि बर्मिंगहॅम या दोन्ही बाजारपेठांपासून हे गाव मोटारीने दोन-अडीच तासांच्या आत आहे. एवढी अनुकूलता स्पीक वा हार्टलपूलला नव्हती, आणि तेथे कॉर्बीसारखा परिणामही दिसला नाही. रेषा सर्वत्र सारखीच होती; फरक रेषेखालच्या जमिनीत व भोवतालच्या प्रदेशात होता.

कॉर्बीचे एक दुसरेही अंग आहे. जुन्या पोलाद कारखान्याच्या शेकडो एकर दूषित जमिनीचा पुनरुद्धार नगरपरिषदेने हाती घेतला. त्या कामात गाळ व माती वाहणाऱ्या मालमोटारी नीट झाकलेल्या नसत, आणि विषारी धूळ गावभर पसरली. त्या काळात गावातील काही स्त्रियांना जन्मतः हातापायांत व्यंग असलेली अपत्ये झाली. जुलै २००९ मध्ये उच्च न्यायालयाने या कामातील निष्काळजीपणाबद्दल नगरपरिषदेस जबाबदार धरले, आणि पुढच्या वर्षी या मुलांशी तडजोड झाली. हा खर्च उद्यमक्षेत्रांच्या कोणत्याही मूल्यमापनात नाही. तो करसवलतीमुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ‘जमीन तयार करणे’ या तीन शब्दांत काय काय सामावलेले असते, याचे भान अर्थशास्त्राच्या अभ्यासकानेही ठेवावे.

आता आकड्यांकडे वळू. शासनाने प्रथम रॉजर टिम या सल्लागार संस्थेकडून क्षेत्रांचे वार्षिक निरीक्षण करविले आणि नंतर केंब्रिजच्या अर्थसल्लागारांकडून सविस्तर मूल्यमापन करवून घेतले. हे दुसरे मूल्यमापन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १९८६ साली क्षेत्रांमध्ये सुमारे ६३,३०० माणसे कामाला होती. परंतु यांतील कित्येक जण रेषा ओढली गेली तेव्हा आधीच तेथल्या कारखान्यांत होते, व कित्येक उद्योग सवलत नसती तरी तेथेच आले असते. या दोहोंना वगळता योजनेमुळे निर्माण झालेले रोजगार सुमारे ३५,००० भरले. पुढची पायरी अधिक कठीण होती. शेजारच्या वस्तीतला एखादा छापखाना आपली यंत्रे घेऊन मैलभर सरकला व रेषेच्या आत गेला, तर क्षेत्राच्या खात्यावर वीस रोजगार जमा होतात आणि शेजारच्या वस्तीच्या खात्यावरून वीस वजा होतात. नव्या कारखान्याने जुन्या कारखान्याचे गिऱ्हाईक ओढले तरीही तसेच घडते. अशा स्थलांतराची व स्पर्धेची वजाबाकी करून, आणि बांधकामादी आनुषंगिक कामाची भर घालून, क्षेत्रे व त्यांचा परिसर मिळून जी निव्वळ वाढ उरली ती १३,००० च्या आतबाहेर होती. त्या वेळपर्यंतचा खर्च होता सुमारे ३० कोटी पौंड. म्हणजे दर खऱ्या नव्या रोजगारामागे २३,००० पौंडांच्या आसपास.

डिसेंबर १९८७ मध्ये मंत्री निकोलस रिडली यांनी या योजनेचा यापुढे सरसकट विस्तार केला जाणार नाही असे जाहीर केले. ज्या सरकारने शासनाचा हात आखडून उद्योगास मोकळीक द्यावयाची म्हणून योजना आणली, त्यालाच ती महागडे अनुदान ठरल्यामुळे आवरती घ्यावी लागली. विशिष्ट ठिकाणी मोठे कारखाने बंद पडले म्हणजे अपवाद करून नवी क्षेत्रे मात्र पुढेही दिली गेली. संडरलंडमधील जहाजबांधणी संपल्यावर १९९० मध्ये तेथे दिलेले क्षेत्र हे याचे उदाहरण.

१९९५ मधील अंतिम मूल्यमापन अधिक अनुकूल आहे. तपासलेल्या २२ क्षेत्रांत दशकाच्या अखेरीस सुमारे १,२६,००० माणसे कामास होती. वजाबाक्या करून त्यांपैकी ५८,००० रोजगार अतिरिक्त ठरले, व १९९४–९५ च्या किमतींनुसार प्रत्येकामागे सार्वजनिक खर्च सुमारे १७,००० पौंड आला. दोन्ही आकड्यांत विसंगती आहे असे मानण्याचे कारण नाही. इमारती उभ्या राहून भरण्यास वेळ लागतो. आणि १९८६ नंतरची काही वर्षे ब्रिटनमध्ये तेजीची होती. तरीही अर्ध्याहून अधिक रोजगार ‘अतिरिक्त’ नव्हते, ही गोष्ट याही अहवालात कायमच राहते.

परंतु या आकडेमोडीपेक्षा मोलाचा भाग भाड्याचा आहे, आणि माझ्या मते या प्रयोगाने दिलेला खरा धडा तेथेच सापडतो. समजा, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस सारख्याच दोन वखारी आहेत. डाव्या बाजूची रेषेच्या आत, उजवी बाहेर. डावीकडे वर्षाला हजार पौंड स्थानिक कर वाचतो. भाडेकरू दोन्हीकडे चौकशी करील, आणि डावीकडील मालक त्यास म्हणेल, तुझे हजार पौंड वाचतातच, तेव्हा मला आठशे अधिक दे. जागा मर्यादित आणि घेणारे अनेक असल्यावर भाडेकरूस ते मान्य करावे लागेल. कर माफ झाला भाडेकरूस. लाभ गेला मालकास. ज्यांचे भाडेकरार रेषा ओढण्यापूर्वीच झाले होते त्यांना काही वर्षे खरा फायदा झाला, पण भाड्याच्या फेरआकारणीची तारीख येताच तोही ओसरला. मँचेस्टर परिसरातील जागांच्या बाजाराचा एरिक्सन आणि सिम्स यांनी अभ्यास केला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात क्षेत्राच्या आतील भाडी बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे चढी असल्याचे आढळले. जमीन ज्याच्या हाती, त्याच्याकडे सवलत झिरपत जाते, हा रिकार्डोच्या काळापासूनचा सिद्धांत येथे प्रयोगशाळेतल्यासारखा पाहावयास मिळतो.

भांडवली वजावटीने याच प्रवृत्तीस बळ दिले. ही वजावट इमारतीवर होती, कामगारावर नव्हती. अधिक माणसे कामास लावली म्हणून कोणास एक पेनीही मिळत नसे; अधिक बांधकाम केले तर मिळे. साहजिकच उच्च करश्रेणीतील धनिकांकडून पैसा गोळा करून क्षेत्रांत इमारती बांधणारे खास न्यास निघाले. त्यांना आत कोण बसणार यापेक्षा वजावट किती मिळणार याची चिंता अधिक होती. शिवाय दहा वर्षांच्या मुदतीत केलेल्या करारांवर ती वजावट मुदत संपल्यानंतरही काही काळ घेता येई. आइल ऑफ डॉग्जमध्ये आरंभी कमी उंचीच्या वखारी व छापखाने आले. पुढे कॅनरी व्हार्फ या कार्यालयनगरीची योजना झाली आणि तिचा पन्नास मजल्यांचा मनोरा १९९१ मध्ये पुरा झाला. क्षेत्राची मुदत एप्रिल १९९२ मध्ये संपली, आणि मे महिन्यात ही नगरी बांधणारी ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनी दिवाळखोरीत निघाली. नंतर हा भाग भरभराटीस आला, पण त्यासाठी सार्वजनिक पैशातून रेल्वे आणावी लागली. भुयारी रेल्वेचा ज्युबिली फाटा तेथे १९९९ मध्ये पोहोचला. आणि तेथील बँकांच्या कचेऱ्यांत गोदीकामगाराच्या मुलास लागणारे काम कोणते होते? बहुतेक कचेऱ्या लंडनच्याच दुसऱ्या भागातून आपल्या कर्मचाऱ्यांसह आल्या होत्या. गोदी-भागातील जुन्या रहिवाशांच्या वाट्यास प्रामुख्याने झाडलोटीची व पहाऱ्याची कामे आली, ही तक्रार तेथे दीर्घकाळ ऐकू येत राहिली.

स्थानिक व्यापारावरील परिणामाचा दाखला पाहावयाचा तर डडलीस जावे. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस ब्रायर्ली हिल येथील राउंड ओक पोलाद कारखाना डिसेंबर १९८२ मध्ये, म्हणजे डडलीचे क्षेत्र घोषित झाल्यानंतर दीड वर्षाने, बंद पडला. क्षेत्राचा विस्तार करून कारखान्याची जागा रेषेच्या आत घेण्यात आली. तेथे नवे उत्पादन यावे अशी अपेक्षा होती. आले ते मेरी हिल नावाचे विशाल बाजारसंकुल. १९८५ पासून १९८९ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने वाढले. मोफत वाहनतळ, छपराखालील दुकाने, आणि वर करमाफी! काही काळ संकुलाभोवती एकपट्टी रेल्वेही फिरत होती; ती १९९१ मध्ये सुरू झाली व १९९६ मध्ये बंद पडली. डडली शहराच्या मुख्य बाजारपेठेस या संकुलाशी सारख्या अटींवर स्पर्धा करणे शक्यच नव्हते, कारण तिला कर भरावा लागत होता. १९९० मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने डडली व स्टुअरब्रिज येथील आपली दुकाने बंद करून मेरी हिलमध्ये बस्तान हलविले, आणि इतर मोठ्या नावांनीही तोच मार्ग धरला. शासनाच्या पर्यावरण खात्याने १९९३ मध्ये मेरी हिलच्या परिणामांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डडलीच्या बाजारपेठेची हानी गंभीर असल्याचे नोंदविले गेले. गेट्सहेड येथे वीजकेंद्राच्या राखेने भरलेल्या जमिनीवर १९८६ मध्ये मेट्रोसेंटर उभे राहिले, त्याचीही जात हीच. गेट्सहेडच्या क्षेत्रात टीम व्हॅली औद्योगिक वसाहतही होती. १९३४ च्या ‘विशेष प्रदेश’ कायद्यानंतरच्या मंदीनिवारक धोरणातून ती १९३६ साली सरकारी पुढाकाराने वसविली गेली होती. अर्धशतकापूर्वी सरकारने कारखाने बांधून भाड्याने दिले. अर्धशतकानंतर सरकारने कर सोडला. पहिल्या उपायाने वसाहत मागे राहिली, दुसऱ्याने बाजार.

पोलाद कारखान्यातून बाहेर पडलेल्या पन्नाशीच्या भट्टीवाल्यास वस्त्रभांडारात काम मिळण्याचा संभव अल्प. मेरी हिलमध्ये जे रोजगार निघाले ते मुख्यतः विक्रीचे होते, पुष्कळसे अर्धवेळ, आणि त्यांवर स्त्रिया व तरुण मुले लागली. या कामांस मी कमी लेखत नाही. त्या कुटुंबांत त्या पैशाने चूल पेटत होती. परंतु रोजगारांची बेरीज करताना एक पूर्णवेळ कुशल काम आणि एक अर्धवेळ विक्रेत्याचे काम यांना प्रत्येकी ‘एक’ मोजले, तर त्या बेरजेला अर्थ थोडा उरतो.

ब्रिटनमधून ही कल्पना अमेरिकेत फार त्वरेने गेली. हेरिटेज फाउंडेशनमधील मूळचे ब्रिटिश असलेले स्टुअर्ट बटलर यांनी तिचा पुरस्कार केला. जॅक केंप व रॉबर्ट गार्शिया या परस्परविरोधी पक्षांच्या दोघा प्रतिनिधींनी १९८० मध्ये काँग्रेसपुढे संयुक्त विधेयक मांडले. संघराज्याचा कायदा व्हावयास १९९३ उजाडले. दरम्यान अनेक घटकराज्यांनी आपापली क्षेत्रे काढली. तेथील निष्कर्ष एकसारखे नाहीत. इंडियाना राज्याविषयी लेस्ली पॅपके यांना १९९४ च्या अभ्यासात बेकारभत्त्याचे दावे सुमारे १९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पण त्याच क्षेत्रांत यंत्रसामग्रीचे मूल्य सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले आणि मालाचे साठे वाढले, कारण तेथील मुख्य सवलत साठ्यावरील करात होती. सवलत ज्यावर, वाढ त्याची! कॅलिफोर्नियाविषयी न्यूमार्क व कोल्को यांना २०१० मध्ये रोजगारावर काहीच परिणाम आढळला नाही, आणि ते राज्य २०१३ मध्ये योजनेतून बाहेर पडले. उलटपक्षी, संघराज्याच्या १९९३ च्या योजनेत स्थानिक रहिवाशास कामावर घेतल्याबद्दल वेतनावर सवलत होती व सोबत मोठी अनुदानेही होती. तिच्याविषयी बुसो, ग्रेगरी व क्लाइन यांचे निष्कर्ष (२०१३) बरेच अनुकूल आहेत.

ब्रिटनने २०१२ मध्ये उद्यमक्षेत्रांचे पुनरुज्जीवन केले. पहिल्या पाच वर्षांत ५४,००० नवे रोजगार होतील असा अर्थखात्याचा अंदाज होता. ‘सेंटर फॉर सिटीज’ या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या गणनेत ही वाढ सुमारे १३,५०० भरली. त्यांतलेही निदान एकतृतीयांश रोजगार अन्य ठिकाणांहून सरकलेले होते. १९८७ च्या अहवालाची आठवण ठेवणाऱ्यास यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते.

आपल्याकडे या नावाची क्षेत्रे नसली तरी प्रश्न परिचयाचा आहे. महाराष्ट्रात १९६४ पासून मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना चालत आली, आणि तालुक्यांची वर्गवारी करून मागास तालुक्यास अधिक सवलत देण्याची पद्धत रूढ झाली. तालुक्याची सीमा म्हणजे रेषाच. २००३ मध्ये उत्तराखंड व हिमाचल प्रदेश यांना केंद्राने दिलेल्या करसवलतीचा रितम चौरे यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यात कारखान्यांची संख्या, उत्पादन व रोजगार यांत मोठी वाढ आढळली, आणि शेजारच्या राज्यांतून कारखाने उचलून आणले गेल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटिश अनुभवाच्या हा विरुद्ध जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्षेत्र काही शे एकरांचे असले तर रेषा ओलांडणे स्वस्त असते. सबंध राज्याचे असले तर ते महाग पडते. फरकाचे एक कारण हे असावे. दुसरे कारण जमिनीकडे निर्देश करते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून भूखंड विकत नाही, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देते. त्यामुळे निदान तत्त्वतः सवलतीचा काही भाग महामंडळास पट्ट्याच्या दरातून परत घेता येतो. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्रांच्या कायद्याने जमिनीचा विकासक खाजगी असू शकतो असे ठरले, आणि रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये शेतकऱ्यांचे मत अजमावण्याची वेळ आली, ती या जमिनीच्याच प्रश्नावर. महामंडळाच्या पट्ट्यांचे दर वर्षानुवर्षे तालुक्याच्या वर्गवारीनुसार कसे बदलत गेले, आणि वर्गवारी बदलताच लगतच्या खाजगी जमिनीची किंमत किती चढली, याच्या नोंदी महामंडळाच्या व दुय्यम निबंधकांच्या दप्तरांत आहेत. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने एका जिल्ह्यातील दोन लगतचे तालुके घेऊन तेथून आरंभ करावा.